मनमाती

प्रणिता बुराडे नागपुरात बसून वणीकडच्या खाणीतला कोळसा काढत असे.

मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका काचेच्या इमारतीत, पडदे ओढलेल्या गार दालनात ती डोळ्यांवर जाड चष्मा चढवायची, दोन दांड्यांवर हात ठेवायची आणि तिकडे शंभरावर किलोमीटर दूर घराएवढं शॉवेल, म्हणजे कोळसा उपसायचं यंत्र, मान वळवायचं. मनगट किंचित झुकवलं की बादलीचे दात कोळशाच्या थरात रुतत. खाणीत आता चालक उतरतच नव्हते. खाली थोडे दुरुस्तीवाले आणि सर्व्हेवाले तेवढे असत. धूळ नाही, ऊन नाही, दरड कोसळून कुणी दबणं नाही. धरणी खनिज कंपनीला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. प्रणिताचे वडील त्याच पट्ट्यात डंपर चालवायचे. खोकून खोकून गेले. लेक त्यांच्यापेक्षा मोठं यंत्र चालवते आणि नखाला काळं लागू देत नाही, याचं तिला स्वतःलाच कौतुक होतं.

पण या कामाचा त्रास वेगळाच निघाला. शरीर इथे, डोळे तिथे. पाळी संपवून चष्मा काढला की काही जण नुसते बसून राहत. एकदा एक ऑपरेटर बाई चष्मा काढून उठली आणि आपण कुठे आहोत हेच तिला आठवेना. रडायलाच लागली. त्यानंतर महिनाभरात कंपनीने दर गुरुवारी दुपारी एक वर्ग सुरू केला. त्याचं नाव ‘मनमाती’.

"कामाच्या वेळात मातीत खेळायचं म्हणे," पहिल्या दिवशी प्रणिता शेजारच्या दिवाकर नंदेश्वरला म्हणाली. "घरी कणीक काय कमी तिंबते का मी?"

"वहिनी, कणीक तिंबली तर पोळी खावी लागते. हे तिंबून सोडून द्यायचं. याच्यापेक्षा सोपं काम कंपनीत कोणतं सांगा," दिवाकर म्हणाला आणि आजूबाजूचे सगळे हसले. दिवाकरभाऊ दालनातला सगळ्यात हसरा माणूस. पन्नाशीला आलेला, पण शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा पाळीवर यायचा.

वर्ग घ्यायला मैथिली देशकर होती. चित्रकला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेली, प्रणिताहून चार-पाच वर्षांनी लहान, केस बारीक कापलेली, मातीचे डाग पडलेली सुती साडी नेसणारी. तिने प्रत्येकापुढे राखाडी मातीचा एक गोळा ठेवला आणि म्हणाली, "इथे साहेब नाही, मार्क नाहीत, स्पर्धा नाही. हात काय करतात ते बघायचं, श्वास कुठे आहे ते बघायचं. या खोलीत जे होईल ते या खोलीतच राहील. हा माझा शब्द."

प्रणिताने गोळ्यावर अंगठा दाबला आणि माती बोलली. तंबोऱ्याच्या तारेवरून बोट फिरावं तसा एक खोल, लांबलेला सूर निघाला.

त्यामागची करामत मैथिलीने तेव्हाच समजावून सांगितली होती. मातीत डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे धागे कालवलेले होते. माती दाबली की धागे एकमेकांजवळ येत आणि तिच्यातून वीज वाहण्याचं प्रमाण बदले. खालचं टेबल तो बदल सेकंदाला हजारो वेळा वाचे आणि त्याचा सूर करे. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाच्या बोटांतही एक बारीक थरथर सतत चालू असते, आणि झोप, चिंता, राग, दुःख यांप्रमाणे ती बदलते. मन विस्कटलेलं असलं की सूर खरखरे. श्वास खाली गेला, खांदे उतरले की तोच सूर गोल होई. आपल्या हाताचा आवाज ऐकत ऐकत आपणच आपल्याला शांत करायचं, एवढीच ती कल्पना. माणसागणिक चाल वेगळी असते तसा प्रत्येक हाताचा सूरही वेगळा. काही आठवड्यांत प्रणिता डोळे मिटून सांगू शकत होती, हा दिवाकरभाऊ, हा कोपऱ्यातला नवीन मुलगा.

ज्या वर्षी तिची आई गेली, त्या वर्षी प्रणिता रडलीच नव्हती. तेरवी, पाहुणे, भावांची भांडणं, रजेचे अर्ज, यांत रडणं राहून गेलं होतं. एका गुरुवारी मैथिलीने सांगितलं, "आज काही बनवू नका. ज्याला शेवटचा हात लावायचा राहून गेला, त्याला लावा." प्रणिताची बोटं आपोआप एक कपाळ घडवू लागली. माती असं काही कण्हली की ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बाकीचे आपापल्या गोळ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मैथिली मागे येऊन नुसती उभी राहिली, पाठीवर हात ठेवून.

त्या दिवसापासून दोघींचं जुळलं. मैथिली एकटी राहायची, डब्यावर जेवायची. हे कळल्यावर प्रणिताने तिला रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. महालक्ष्म्यांना तिने प्रणिताच्या घरी मुखवट्यांना रंग दिला, पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं आणि नितेशला, म्हणजे प्रणिताच्या नवऱ्याला, मातीचा बैल करून दिला. नितेश म्हणायचा, "तुमच्या कंपनीनं आजवर केलेलं एकच काम बरोबर आहे, ही पोरगी आणली ते."

पुढच्या उन्हाळ्यात मैथिली वर्गात प्रणिताकडून एक वेगळाच सराव करून घेऊ लागली. "उजव्या हातानेच कर आज. अंगठा आणि पहिलं बोट, उघड-मीट, उघड-मीट. मातीची कडा पातळ कर." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. प्रणिताला वाटलं, आपला हात चांगला आहे म्हणून बाई आपल्याकडे जास्त लक्ष देते.

थोड्याच दिवसांनी विभागप्रमुख काळबांडे साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर पुष्पगुच्छ होता.

"प्रणिताताई, अभिनंदन. तुमचा अनुभव नव्या मुलांना मिळायला हवा. उद्यापासून तुम्ही प्रशिक्षण विभागात."

"पण सर, शॉवेल?"

"शॉवेल कुणीही चालवेल हो. शिकवणार कोण?"

"माझं काही चुकलं का?"

"छे छे! चुकलं असतं तर फुलं दिली असती का?" साहेब हसले. तिच्या हाताकडे मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही.

ती थेट मैथिलीकडे गेली. मैथिलीने तिचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ सोडले नाहीत. म्हणाली, "जे होतं ते चांगल्यासाठी समज. तुला विसावा हवाच होता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्यासाठी कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं, याच विचाराने प्रणिताला त्या दिवशी धीर आला.

प्रशिक्षण विभागात मुलं थोडी आणि काम त्याहून थोडं. दिवस असेच चालले. दिवाळीत दारापुढे रांगोळी काढताना रेघ दोनदा तुटली. तिने थंडीला दोष दिला. मग एका सकाळी नितेश धावत स्वयंपाकघरात आला. "अगं, दूध करपून राहिलं! घरभर वास सुटला अन् तू इथंच उभी?"

प्रणिता भांड्यापुढेच उभी होती. तिला कसलाच वास आला नव्हता.

नाक-कान-घसावाल्याने तपासलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर वझलवार हळू बोलणारे, म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी तिला चालायला लावलं, लिहायला लावलं, अक्षर ओळीच्या शेवटी कसं बारीक होतं ते दाखवलं. मग खुर्ची पुढे ओढून बसले.

"पार्किन्सनची सुरुवात आहे. घाबरू नका, दहा वर्षांपूर्वीसारखी आता स्थिती नाही. या आजारात मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घालून बसतं आणि शेजारच्या पेशींतल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. एक नासका आंबा अढी नासवतो, तसं. ही लागण रोखणारं औषध आता आहे. फक्त ते लवकर सुरू व्हावं लागतं. ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत, उरलेल्या वाचवता येतात. थोडं आधी आला असता तर बरंच वाचलं असतं. आताही काही वाचेल."

"आधी कसं कळणार डॉक्टर?" नितेश म्हणाला. "मागच्या महिन्यापर्यंत काहीच नव्हतं हिला."

"माणसाला कळत नाही, बरोबर आहे. हाताला कळतं." डॉक्टरांनी खणातून एक पसरट पेटी काढली, तिच्यावर एक गोळा ठेवला. "या, उजव्या हाताने दाबा. अंगठा आणि पहिलं बोट. उघड-मीट, उघड-मीट."

राखाडी माती. प्रणिताने बोट टेकवलं आणि तंबोऱ्याच्या तारेसारखा सूर निघाला. त्यात मध्येच एक बारीक कुरतडल्यासारखी कुरकुर होती. ही कुरकुर तिने गेल्या उन्हाळ्यापासून दर गुरुवारी ऐकली होती. आपल्या आवाजाचा तो एक नखरा आहे असं ती समजत होती.

"हे... हे इथे कसं?" तिने विचारलं.

"म्हणजे? हे यासाठीच तर बनवलंय. लक्षणं दिसायच्या वर्षभर आधी ही माती सांगते. तुम्ही कुठे पाहिली?"

"आमच्या कंपनीत. आम्ही हिची भांडी करतो."

डॉक्टर चष्मा काढून पुसू लागले. नितेशने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, टेबल ज्याचं, निकाल त्याला मिळतो. तुम्ही त्या मातीला वर्षभर हात लावत असाल, तर तुमच्या कंपनीला हे माहीत नसणं मला तरी शक्य वाटत नाही."

घरी येताना गाडीत नितेशने तिचा हात हातात घेतला. तिने झटकन काढून घेतला. क्षणभर तिला वाटलं होतं, हाही मोजतोय.

नितेशचं म्हणणं होतं, शांत राहावं. "नोकरी आहे, औषधही सुरू होईल. भांडून काय हाती लागणार?" पण रविवारी सकाळी ती मैथिलीच्या धरमपेठेतल्या गच्चीवरच्या खोलीत गेली. मैथिली एका अर्धवट पुतळ्यावर ओलं फडकं गुंडाळत होती. प्रणिताला पाहून तिचा चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी विझला.

"कळलं तुला," ती म्हणाली.

या दोन शब्दांनी प्रणिताला जेवढं लागलं तेवढं डॉक्टरांच्या बोलण्यानेही लागलं नव्हतं. तोपर्यंत तिला आतून कुठेतरी आशा होती की मैथिलीला काही माहीत नसेल.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. माझ्या पडद्यावर तुझ्या नावापुढे एक खूण आली. मला वाटलं, यंत्र चुकलं. ते म्हणाले, खात्री करायची आहे, उजव्या हाताचा सराव घे."

"म्हणजे ती कला नव्हती. तपासणी होती."

"सुरुवातीला मलाही सांगितलं नव्हतं ग. नंतर कळलं तेव्हा मी करारावरच्या सहीत अडकले होते. बाहेर बोललीस तर पुन्हा कुठेच काम मिळणार नाही म्हणाले. मी काळबांडे साहेबांना दहादा म्हटलं, तिला सांगा. ते म्हणत, कायदेवाले बघताहेत. सांगितलं तर माती काय करते ते सगळ्यांना कळेल, मग कुणी हात लावणार नाही." ती एका दमात बोलत होती. "प्रणिता, तुझ्या यंत्राखाली माणसं असतात. हात चुकला असता तर? तुला तिथून हलवणं बरोबरच होतं."

"हलवणं बरोबरच होतं," प्रणिता म्हणाली. "मला शॉवेलवरून काढलंत म्हणून मी आलेच नाही. वणीच्या खाणीतल्या माणसांना वाचवलंत, चांगलं केलंत. मला काहून नाही वाचवलं?"

मैथिली पुतळ्यावरचं फडकं पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

"माझ्या घरी येऊन जेवलीस. महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवलेस. यंदाही महालक्ष्म्यांना मी पुरण वाटत होते तेव्हा माझ्या हाताकडे बघत होतीस ना? मला वाटायचं, किती मायेनं बघते."

"माया होतीच."

"असेल. म्हणूनच तर मी बेसावध राहिले." प्रणिता उठली. "शत्रूनं हात धरला असता तर मी विचारलं असतं, काहून धरला म्हणून."

पुढच्या गुरुवारी ती वर्गात गेली. प्रशिक्षण विभागाच्या लोकांना वर्ग बंद नव्हता. सगळे नेहमीसारखे बसले होते, गोळ्यांमधून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव येत होता. दिवाकरभाऊ मातीची मिशी करून ओठावर धरून शेजारणीला हसवत होता. प्रणिता आपल्या जागी बसली नाही. उभी राहून तिने सगळं सांगितलं: तिचा आजार, डॉक्टरांच्या टेबलावरची माती, उजव्या हाताचा सराव. आवाज चढवला नाही. एकेक करून हात गोळ्यांवरून उचलले गेले आणि खोली मुकी झाली.

"मॅडम, खरं आहे का हे?" कुणीतरी विचारलं.

मैथिली भिंतीला टेकून उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली.

तेव्हा प्रणिताने तो प्रश्न विचारला. घरून ठरवून आलेली नव्हती. संताप तोंडातून बोलला. "आणखी कुणाचं माहीत आहे तुला? या खोलीत, आत्ता, आणखी कुणाचं?"

मैथिलीची नजर उडाली. निमिषभरच, आणि लगेच तिने ती खाली घेतली. तरी सगळ्यांनी पाहिलं. ती दिवाकरभाऊवर गेली होती.

त्याच्या ओठावर मिशी अजून तशीच होती. "माझ्याकडे काहून पाहिलं मॅडम?" त्याने हसत विचारलं. मग हसू ओसरलं. मिशी टेबलावर पडली.

"सांग त्याला," प्रणिता म्हणाली.

"मला सांगायची परवानगी नाही," मैथिली पुटपुटली.

दिवाकर उठला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "सांगू नका," तो म्हणाला. "मला माहीत आहे." आणि या माणसाला इतकी वर्षं ओळखणाऱ्या लोकांसमोर तो लहान मुलासारखा रडू लागला.

प्रणिताने त्याला बाहेर बागेत नेलं. तिथल्या बाकावर बसून तो बोलला. गेले कित्येक महिने त्याला जगावंसं वाटत नव्हतं. बायको-मुलं चांगली, कर्ज नाही, आजार नाही. "कारण असतं तर सोपं झालं असतं वहिनी. कोणाला काय सांगू? रोज हसवतो, अन् रोज ठरवतो की आज नाही, उद्या." दाबण्या-दाबण्यांमध्ये त्याची बोटं नुसती पडून राहत, त्या थांब्यांवरून मातीने ते केव्हाच ओळखलं होतं. कंपनीने काहीच केलं नाही. प्रणिताच्या हाताने यंत्र बिघडलं असतं. दिवाकरचं काम मात्र अजिबात बिघडलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती आणि नितेश त्याला घरी घेऊन गेले, त्याच्या बायकोशी बोलले, दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे. शांत राहा म्हणणारा नितेश त्या दिवसानंतर तिच्याआधी वकिलाकडे पोचू लागला.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. मनमाती बंद पडली. युनियनने दावा लावला, वर्तमानपत्रांत आलं, विधानसभेत प्रश्न विचारला गेला. दुसऱ्या कंपन्यांनी तसलेच वर्ग वेगळ्या नावाने चालू ठेवले, अशीही कुजबुज होती. दिवाकरभाऊ उपचारांवर सावरत गेला. आता तो पूर्वीइतका हसवत नाही, आणि त्याच्या बायकोला त्याचंच बरं वाटतं. प्रणिताचं औषध सुरू झालं. आजार थांबला, पण थांबायच्या आधी त्याने जे न्यायचं ते नेलं होतं. उजव्या हाताला शर्टाचं बटण लागत नाही. वास परत आला नाही.

मैथिलीने कामगार न्यायालयात कंपनीविरुद्ध साक्ष दिली. सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या साक्षीनेच दाव्याला बळ आलं. बाहेरच्या व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या. मैथिली बारीक झाली होती. तिला कुठे काम मिळत नसल्याचं प्रणिताच्या कानावर आलं होतं.

"माफ करशील?" तिने विचारलं.

आजूबाजूला काळे कोट ये-जा करत होते.

"एक सांग," प्रणिता म्हणाली. "त्या दिवशी तू दिवाकरभाऊंकडे बघितलंस. त्यांना वाचवायचं म्हणून मुद्दाम बघितलंस, की नजर चुकून गेली?"

मैथिलीच्या ओठांवर उत्तर आलं आणि अडलं. हो म्हणणं किती सोपं होतं, ते दोघींनाही दिसत होतं. पण ती नुकतीच खरं बोलण्याची शपथ घेऊन बाहेर आली होती.

"चुकून गेली," ती म्हणाली.

प्रणिताने मान हलवली. "हेच एक खोटं बोलायला हवं होतंस ग," ती हलकेच म्हणाली, डाव्या हाताने पर्स खांद्यावर चढवली आणि नितेश गाडी घेऊन उभा होता त्या फाटकाकडे चालू लागली.